'सुप्रानॅशनल आयडेंटिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की युरोपियन युनियन मागास भागांना विकासनिधी देते, त्याने तिथल्या लोकांची 'सुप्रानॅशनल आयडेंटिटी', म्हणजे देशापलीकडच्या युरोपशी असलेलं नातं, वाढते का, हे वाक्य मराठीत आणताना 'राष्ट्रातीत अस्मिता' लिहिलं तर चालेल का.

मला विचाराल तर यातला एकही शब्द नको. कालातीत, गुणातीत यातलं 'अतीत' म्हणजे ते मागे टाकून पलीकडे गेलेलं, आणि युरोपात राष्ट्र कुणी मागे टाकलेलं नाही. युरोबॅरोमीटर नावाची पाहणी वर्षानुवर्षं हेच विचारते की तुम्ही स्वतःला फक्त आपल्या देशाचे समजता, आधी देशाचे मग युरोपचे, आधी युरोपचे मग देशाचे, की फक्त युरोपचे, आणि शेवटचं उत्तर देणारे अगदी थोडे निघतात, बहुतेकांना दोन्ही हवं असतं. 'आंतरराष्ट्रीय' पण बसत नाही कारण ते देशादेशांमधलं झालं, इथे तर युरोपचा कायदा देशाच्या कायद्याच्या वर असं त्यांच्या कोर्टाने 1964 सालीच सांगून टाकलंय. त्यामुळे संस्थेबद्दल लिहिताना 'अधिराष्ट्रीय' घ्या, अधिपती, अधिकार यातला 'अधि' तिथे नेमका बसतो.

पण लोकांच्या मनातल्या भावनेला तोही जड होतो. आणि 'अस्मिता' तर नकोच, आपल्याकडे अस्मिता पेटते नाहीतर दुखावते, आणि इथे विषय आहे साध्या आपलेपणाचा, जो पैसे आले म्हणून येतोच असं नाही. ब्रिटनच्या वेल्समधलं एबू व्हेल हे गाव घ्या. तिथला पोलाद कारखाना 2002 मध्ये बंद झाला, दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली म्हणून तो सगळा पट्टा सगळ्यात जास्त मदतीच्या यादीत होता, युरोपच्या पैशातून झालेल्या कामांवर बारा ताऱ्यांच्या निळ्या पाट्या लागल्या, आणि 2016 च्या ब्रेक्झिटच्या मतदानात एबू व्हेल ज्यात येतं त्या ब्लेनाय ग्वेंट भागातल्या 62 टक्के लोकांनी युनियन सोडायला मत दिलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचंही तेच, निधी भरपूर आणि कौल बाहेर पडण्याचा. पाटी दिसते हो, पण कारखान्यातली गेलेली नोकरी त्या पाटीने परत येत नाही, आणि निधी वाटणारं ऑफिस आपल्याच देशाचं असलं की श्रेय पण तिकडेच जातं.

म्हणून मी सरळ असं लिहीन: 'विकासनिधी मिळालेल्या भागातल्या लोकांना आपण युरोपचेही आहोत असं जास्त वाटतं का?' यातला 'ही' गाळू नका, सगळा अर्थ त्यातच आहे.

जाता जाता, याच संदर्भात 'कोहेजन पॉलिसी', म्हणजे ज्यातून हा विकासनिधी येतो ते युनियनचं धोरण, येईल तिथे 'समरसता' लिहू नका, त्या शब्दाला आपल्याकडे वेगळं राजकारण चिकटलंय. 'प्रादेशिक समतोल' लिहा, 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून अनुशेषाच्या चर्चेत हा शब्द वाचणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तो लगेच कळेल.