मागचे स्पीकर ढिम्म का?

प्रश्न : देवगडला आमचं चिऱ्याचं कौलारू घर. माजघरात टीव्ही, ५.१ रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर. डिशचा बॉक्स आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावलेत, तिथून एक एचडीएमआय वायर रिसीव्हरला. पुढचा आवाज दणकून येतो, मागचे दोन स्पीकर मात्र ढिम्म. नवे घ्यावे का?

उत्तर : इतक्यात दुकानाची पायरी चढू नका. रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये 'टेस्ट टोन' लावा. प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने पावसासारखी खरखर येते. मागच्या दोघांतूनही आली, तर स्पीकर आणि वायर ठणठणीत आहेत. टीव्हीच पुढे दोनच चॅनल, म्हणजे फक्त डावा-उजवा आवाज, पाठवतोय. बहुतेकदा हेच निघतं.

टीव्हीच्या ज्या सॉकेटवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय) लिहिलंय तिथेच वायर हवी, आणि रिसीव्हरकडे ती 'आउट'ला, 'इन'ला नव्हे. दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांशी बोलायची सोय, चालू करा. टीव्हीत ते या नावाने सापडेलच असं नाही. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीच्या साउंड मेन्यूत डिजिटल आउटपुट पाहा. तिथे 'पीसीएम' (न दाबलेला डिजिटल आवाज) असेल तर चोर सापडला. साध्या एआरसीतून पीसीएम दोनच चॅनलचं जातं, ५.१ जायचं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या दाबलेल्या रूपातच. म्हणून 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' यांपैकी जे असेल ते निवडा. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं की काम झालं. पेनड्राइव्हवरची डीटीएस फाइल काही टीव्ही पुढे सोडतच नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

डिशचा बॉक्स मात्र टीव्हीवरून काढा आणि सरळ रिसीव्हरच्या 'इन'ला जोडा. काही टीव्ही बाहेरून आलेल्या ५.१ चं वाटेतच स्टिरिओ करतात. बॉक्सच्या मेन्यूतही ऑडिओ 'डॉल्बी'वर आणा. वाहिनीच स्टिरिओ असेल तर रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' मोड लावा. जुन्या रिसीव्हरवर तेच काम 'प्रो लॉजिक' करतं. दोन चॅनलचा आवाज पाच ठिकाणी वाटला जातो. खरा सराउंड नव्हे, पण बातम्या-मालिकांना पुरे.

टोनच आला नाही, तर वायरीची टोकं उघडा. खाऱ्या हवेत तांबं हिरवट-काळं पडतं आणि स्क्रूखाली वीज धड पोचत नाही. दोन-तीन सेंटीमीटर कापून टाका, मग नव्याने एक सेंटीमीटर सोला. तारा घट्ट पिळा; एखादा केसासारखा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला, तर रिसीव्हर 'प्रोटेक्ट'मध्ये जाऊन बंद पडतो. सोललेली एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली, तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. समुद्राकाठी असली वायर नकोच, शुद्ध तांब्याची १६ गेज घ्या. लांबी भिंतीच्या कडेने मोजा, सरळ रेषेत नव्हे, नाहीतर ऐन दारापाशी मीटरभर कमी पडेल.

लाल-काळ्याची अदलाबदल दोन्ही टोकांना एकसारखी असेल तर बिघडत नाही. एकाच टोकाला झाली की आवाज पोकळ वाटतो, बास गळतो. शंका असेल तर वायर रिसीव्हरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा : लाल वायरीला प्लस लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर यायला हवा.

मागचे स्पीकर अगदी पाठीमागे नकोत, बाजूला आणि किंचित मागे, बसल्या जागेवरून मोजता मधल्या स्पीकरपासून ११०–१२० अंशांवर, कानापेक्षा थोडे उंच. त्यासाठी सोफा भिंतीपासून थोडा पुढे ओढा. रिसीव्हरच्या सेटअपमध्ये लहान स्पीकर 'स्मॉल' ठेवा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ.

प्रश्न : वेंगुर्ल्यात वळवाच्या विजा फार. स्टॅबिलायझर आहे, तेवढा पुरे का?

उत्तर : नाही. तो व्होल्टेजची चढउतार सांभाळतो, वीज अडवत नाही. गडगडाट जवळ येण्याची वाट न बघता आधीच प्लग काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. छपरावरच्या डिशची वायरही बॉक्सपासून सोडवा. झटका त्या वायरीने बॉक्सात उतरतो आणि एचडीएमआयमधून रिसीव्हर गाठतो. परतीच्या पावसातही हेच.

आणि पावसाळाभर रिसीव्हर प्लास्टिकखाली झाकून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. वर दहा सेंटीमीटर मोकळे सोडा, आठवड्यातून एकदा तासभर चालवा. त्याच्याच उबेने तो सुकतो.