‘अत्याचाराचा मोबदला’ म्हणू नका हो!

प्रश्न असा आला आहे: कुणी शारीरिक इजा केली किंवा अत्याचार केला म्हणून दिवाणी दावा लावून पैसे मागितले, तर त्या रकमेला ‘मोबदला’ म्हणावे, ‘नुकसानभरपाई’ म्हणावे की ‘दंड’ही चालेल?

दंड चालणार नाही. दंड सहसा सरकारजमा होतो, भरपाई ज्याला लागले त्याच्या हातात पडते. तरी ‘पीडितेला दंड मिळाला’ अशी वाक्ये कानावर येतातच. जरा नीट ऐका, त्या वाक्यात शिक्षा पीडितेलाच झाली आहे!

‘मोबदला’ तर त्याहून वाईट. बदल, बदली, बदला, मोबदला ही सगळी एका अरबी धातूची भावंडे. मोबदल्यात देवघेव गृहीत असते: जमीन दिली, मोबदला घेतला, काम केले, मोबदला घेतला. ज्याचा हात मोडला त्याने काय दिले? ‘अत्याचाराचा मोबदला’ वाचले की अंगावर काटा येतो, जणू आधी सौदा ठरला होता.

‘नुकसान’ म्हणजे घट, हे सर्वांना ठाऊक आहे. खरी गंमत ‘भरपाई’त आहे.

या शब्दातली ‘पाई’ म्हणजे पै, ‘पै न् पै भरली ती भरपाई’, असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. ऐकायला छान, पण चूक. कमावणे–कमाई, तसे पावणे–पाई. भरून पावणे, म्हणून भरपाई. हे ‘पावणे’ संस्कृत ‘प्राप्’चे वंशज, ‘पावती’ही त्याच घरची. जुने खरेदीखत उघडून शेवटाकडे पाहा: ‘सदर रक्कम मला रोख भरून पावली, त्याबद्दल माझी काही तक्रार राहिली नाही.’ खाली सही किंवा अंगठा. हे वाक्य पैसे देणारा लिहून देत नाही, घेणारा देतो. म्हणजे भरपाई हा मुळात घेणाऱ्याच्या तोंडचा शब्द! ‘आम्ही भरपाई केली’ असे कंपन्या आणि संस्था मोठ्या तोंडाने सांगतात, तेव्हा ते दुसऱ्याच्या पावतीवर आपली सही ठोकण्यासारखे आहे. त्यांनी फार तर रक्कम भरली म्हणावे. पावली की नाही, ते समोरचा सांगेल. ‘भरपाई करणे’ आता रूढ आहे, कोशांतही बसले आहे, असे मला ऐकवले जाते. बसू दे. रूढ झाले म्हणून मूळ बदलत नाही.

‘शब्द हिंदीतून आला’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की हिंदीतही ‘भर पाए’ आहे, आणि तिथेही ते आपल्या ‘भरून पावले बाई तुझ्यापासून!’सारखे उपरोधाने वापरतात. घरोघरचा हा टोमणा पावतीच्या भाषेतून आला, असे माझे ठाम मत आहे. हिशेब पुरा झाला, आता आणखी काही नको!

कायद्यालाही हेच ‘भरून’ अभिप्रेत आहे. १८८० साली ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी जे सूत्र मांडले त्याचा आशय असा: चूक घडलीच नसती तर माणूस ज्या स्थितीत असता, पैशाने शक्य तितके त्याला त्या स्थितीत आणून ठेवायचे. औषधपाण्याची बिले आणि बुडालेला पगार यांची बेरीज होते. वेदनेची, मोडलेल्या झोपेची पावती कुठे असते? तिथे न्यायालय अंदाजाने आकडा ठरवते. दावा निकालापर्यंत न जाता तडजोडीत मिटला, तर कागदावर बहुधा ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ अशा अर्थाचे वाक्य असतेच. खरेदीखतातलेच ते, कोट घालून आलेले. सही करणाऱ्याला आतून भरून पावले की नाही, हे त्या कागदाला विचारू नये.

आता शुद्धिवाद्यांकडे वळू. त्यांना ‘नुकसान’ परके वाटते, म्हणून ते ‘प्रतिकर’ किंवा ‘क्षतिपूर्ती’ पुढे करतात. ‘प्रतिकर’ ऐकून चारांतल्या तिघांना नवा कर आला असे वाटेल! संस्कृतच हवे ना? मग याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय, म्हणजे दाव्या-खटल्यांचा भाग, उघडा. दुसऱ्याला इजा करणाऱ्याकडून ‘समुत्थानज व्यय’ वसूल करावा, आणि शिवाय दंडही, असे तिथे सांगितले आहे. समुत्थान म्हणजे उठून उभे राहणे. जखमी माणूस पुन्हा उभा राहीपर्यंतचा खर्च! इतका नेमका शब्द घरात असताना ‘क्षतिपूर्ती’ कशाला? आणि खर्च वेगळा, दंड वेगळा, हेही त्यांना कळत होते.

आधुनिक कायद्याने मात्र हा भेद थोडा पुसट केला आहे. अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन हे घटस्फोटित पत्नी आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या फौजदारी खटल्यातून १९९५ मध्ये निर्दोष सुटले, आणि १९९७ मध्ये त्याच मृत्यूंबद्दल दिवाणी दाव्यात ज्यूरीने त्यांना जबाबदार धरले. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत पारडे जरा झुकले तरी पुरते. भरपाई ८५ लाख डॉलर, आणि वर अद्दल घडवायला २ कोटी ५० लाख. या दुसऱ्या रकमेला आपल्याकडे ‘दंडात्मक नुकसानभरपाई’ म्हणतात. दंड आणि भरपाई एकाच शब्दात कोंबायची आणि मग लोक गोंधळतात म्हणायचे! माझे ऐकाल तर तिला नुसती ‘अद्दल रक्कम’ म्हणा. आणि हो, सिम्पसन दिवाणीत ‘दोषी’ ठरले असे लिहू नका. दोषी फौजदारीत. दिवाणीत ‘जबाबदार’, म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. तिथे ‘आरोपी’ही नसतो, प्रतिवादी असतो.

विचारले काय होते? हां, ‘नुकसानभरपाई’ म्हणा. आणि शब्द सलग लिहा, मध्ये जागा सोडू नका.