वाचकांचे प्रश्न : भारदस्त भाषेचा सोस

प्रश्न : आमचे एक सहकारी एरवी अगदी मोकळं बोलतात. बैठकीत उभे राहिले की मात्र ‘मी या ठिकाणी नमूद करू इच्छितो’, ‘सदरची बाब निदर्शनास आणून देऊ इच्छितो’ असं सुरू होतं. माणूस तोच, मग भाषा का बदलते?

उत्तर : बऱ्याचदा यामागे घमेंडीपेक्षा धास्ती जास्त असते. समोर वरिष्ठ बसलेले, आपलं बोलणं तोललं जाणार, अशा वेळी माणसाचं लक्ष ‘यांना समजतंय का’ यावरून उडून ‘मी यांना कसा वाटतोय’ यावर जातं. मग तो शब्दांचा आधार घेतो.

झॅकरायाह ब्राऊन, एरिक ॲनिसिच आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांनी 2020 साली हेच तपासलं. त्यांनी 64,000 हून अधिक प्रबंधांची शीर्षकं पाहिली. क्रमवारीत खाली असलेल्या विद्यापीठांतल्या शीर्षकांमध्ये जड परिभाषा जास्त आढळली. पुढच्या प्रयोगांतही, आपण इतरांपेक्षा खालच्या पायरीवर आहोत असं ज्यांना भासवलं होतं, त्यांनी बोजड मांडणी अधिक निवडली. ज्याला आपली जागा पक्की वाटते, त्याला साधं बोलायला भीती वाटत नाही.

दुसरं कारण अनुकरणाचं. बैठकीत उभं राहिलं की असंच बोलतात, हे आपण ऐकून ऐकून शिकतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वकील नसलेल्या साध्या माणसांना कायदे लिहायला सांगितले. त्यांनीही वाक्यात वाक्य कोंबून, कायद्याच्या थाटाची गुंतागुंतीची रचना केली. कथा लिहायला सांगितल्यावर त्याच लोकांची भाषा सरळ झाली. मंत्र जसा विशिष्ट शब्दांत म्हटला तरच लागू पडेल असं वाटतं, तसाच भाव अधिकाराच्या भाषेबद्दल असतो.

‘या ठिकाणी’चं काम तर आणखी साधं आहे. ते दोन शब्द उच्चारेपर्यंत पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो. म्हणून त्यावर नुसती बंदी घालून भागत नाही. पहिलं वाक्य आधी कागदावर लिहून ठेवायचं (‘माझं म्हणणं असं, की काम आठ दिवस पुढे ढकलावं’) आणि तेच बोलायचं. सुरुवात सरळ झाली की पुढचं बोलणंही बहुतेक सरळ होतं. तुम्ही बैठक चालवत असाल तर विषयपत्रिका आदल्या दिवशी द्या, आणि कुणी शब्दांत अडकलं तर सगळ्यांसमोर न टोकता ‘म्हणजे आपण नेमकं काय करायचं?’ एवढंच विचारा.

प्रश्न : आमच्या इमारतीत पुढील सूचना लागली : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर इमारतीतील उद्वाहनाच्या देखभालीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत उद्वाहन बंद ठेवण्यात येईल, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ वाचूनही सगळे एकमेकांना विचारत होते. ती कशी लिहायला हवी होती?

उत्तर : ही सूचना 27 शब्दांची आहे आणि त्यात दिवस नाही, वेळही नाही. ‘सदर कालावधीत’ म्हणजे कोणत्या? कालावधी आधी कुठेच आलेला नाही. शब्दबंबाळ भाषेचा सर्वांत मोठा तोटा हाच, की माहिती राहून गेली तरी लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वाक्य भरलेलं दिसतं, म्हणून ते पुरं झालं असं वाटतं.

तेच असं लिहा : ‘सोमवारी सकाळी दहा ते दुपारी दोन लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील. तेवढा वेळ जिना वापरा.’ चौदा शब्द झाले, आणि लोकांना हवं होतं ते सगळं आलं.

तिथवर पोचायचं कसं? लिहायला बसण्याआधी कोण, काय, कधी, कुठे आणि वाचणाऱ्याने काय करायचं, एवढं वेगळं टिपून घ्या. मग क्रियापदांकडे बघा. ‘दुरुस्त करणार’ या दोन शब्दांचं ‘देखभालीचे काम हाती घेण्यात येणार’ होतं, कारण क्रियापदाचं नाम करून त्याला ‘करण्यात येणे’, ‘घेण्यात येणे’ यांची शेपटी जोडली जाते. शेपटी काढली की कर्ता लागतो, आणि खरी अडचण तिथेच असते. ‘निर्णय घेण्यात आला’ म्हटलं की घेणारा दिसत नाही. ‘समितीने निर्णय घेतला’ म्हटलं की जाब विचारायला माणूस सापडतो. कित्येकदा ही रचना मुद्दाम वापरली जाते, त्याहून अधिक वेळा नुसत्या सवयीने. कर्ता खरोखरच बिनमहत्त्वाचा असेल तिथे ती चालते, पण चुकीची कबुली देताना कधीच नाही. ‘गैरसोय झाल्याचे निदर्शनास आले आहे’ हे वाचून माणूस चिडतो, ‘आमच्याकडून चूक झाली’ वाचून निवळतो.

नंतर ‘सदर’ जिथे जिथे आलं असेल तिथे ज्या वस्तूबद्दल आहे तिचं नाव घाला. तुटलेले दुवे लगेच उघडे पडतात. शेवटी मोठ्याने वाचा. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागला तर ते तोडा. ज्याला विषय ठाऊक नाही अशा कुणाला तरी दाखवून ‘आता तू काय करशील?’ असं विचारा. ‘समजलं का?’ विचारू नका, त्यावर सगळेच हो म्हणतात.

प्रश्न : प्रवेशअर्जासोबत स्वतःविषयी निवेदन लिहायचं आहे. जड शब्द वापरले तर छाप पडते का?

उत्तर : उलट परिणाम होण्याचीच शक्यता जास्त. मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी 2006 च्या शोधनिबंधात नेमकी अशीच निवेदनं घेतली. काहींमधले साधे शब्द बदलून त्याच अर्थाचे लांबलचक शब्द घातले आणि ती लोकांना वाचायला दिली. मजकूर जितका अवघड केला, तितका लिहिणारा कमी हुशार वाटला. वाचताना होणारा त्रास वाचक लिहिणाऱ्याच्या खाती टाकतो. तेव्हा ‘विविध उपक्रमांत सक्रिय सहभाग नोंदविला’ याऐवजी काय केलं, किती दिवस केलं आणि त्यातून काय झालं, ते लिहा.

प्रश्न : ‘उपरोक्त’ बरोबर की ‘उपर्युक्त’?

उत्तर : उपरि + उक्त, म्हणून संधीच्या नियमाने ‘उपर्युक्त’. ‘उपरोक्त’ व्यवहारात रुळला आहे. ‘वरील’ लिहिलंत तर प्रश्नच उरत नाही.

उसन्या भारदस्तपणात अशा चुका हमखास होतात, कारण शब्द वापरातला नसतो, कानावरून घेतलेला असतो. ‘अनावधानाने’ लिहितात, तिथे ‘अनवधानाने’ हवं. ‘दुरावस्था’ नव्हे, ‘दुरवस्था’. ‘स्वागतम्’मध्ये ‘सु’ आधीच आहे, तरी कमानीवर ‘सुस्वागतम्’ झळकतं. ‘सदर’ आणि ‘मजकूर’ फारसीच्या वाटेने आले, ‘उपर्युक्त’ संस्कृतातून. तिन्हींचा रोख एकच, वर सांगितलेलं. तरीही ‘उपरोक्त सदर’ अशी जोडी एकाच वाक्यात भेटते.

प्रश्न : मग औपचारिक भाषा सगळीकडूनच काढून टाकावी का?

उत्तर : नाही. ‘तारण’, ‘जामीन’, ‘कुलमुखत्यारपत्र’ हे शब्द अवघड वाटले तरी त्यांना ठरलेला अर्थ आहे. ते बदलले तर व्यवहारच बदलेल. कसोटी सोपी आहे : शब्द काढून साधा शब्द घातल्यावर अर्थ बदलतो का? बदलत असेल तर शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगा. ‘तथापि’ऐवजी ‘पण’ घातल्याने काहीच बिघडत नाही.

आदराची भाषाही वेगळी धरा. ‘मेले’ न म्हणता ‘वारले’ किंवा ‘निधन झाले’ म्हणणं म्हणजे बडेजाव नव्हे. तिथे शब्द बोलणाऱ्याला मोठं करत नाही, गेलेल्या माणसाचा मान राखतो. सांत्वनाच्या पत्रात मात्र ‘तीव्र दुःख व्यक्त करण्यात येत आहे’ असं लिहू नका. ‘आम्हांला फार वाईट वाटलं’ असं लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला.