जुन्या पिकअपचं बॉनेट कापून पत्र्याचा स्कूप बनवायचाय, ठाण्यात कोणाकडून करून घेऊ? की फायबरचा रेडिमेड लावू?

तुम्ही लिहिलंय की काकांची जुनी महिंद्राची जीप-पिकअप आहे, त्यात डीआय टर्बो इंजिन बसवलंय आणि आता टर्बोचा पाइप बॉनेटला टेकतोय, लॉकपाशी दीड इंच फट राहते, म्हणून बॉनेट कापून तिथे वर पत्र्याचा उंचवटा, म्हणजे स्कूप, बसवायचा. मी हा उद्योग आमच्या टाटामोबाइल 206 वर केलाय, एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

पहिलं म्हणजे ग्राइंडर लावायच्या आधी नीट मोजा. लॉकपाशी दीड इंच फट म्हणजे पाइपपाशी दीड इंच कमी पडतंय असं नसतं, बॉनेट मागच्या बिजागरीवर फिरतं ना, पाइप जर मधोमध असेल तर तिथे साधारण निम्मंच कमी पडत असणार, म्हणजे पाऊण इंच. एवढ्यासाठी कधी कधी पाइपचा एल्बो (वळणाचा तुकडा) फिरवून किंवा एअर क्लीनरचा ब्रॅकेट खाली घेऊन काम होतं आणि बॉनेटला हातच लावावा लागत नाही. तसं जमलं तर मग घरून कणकेचे चार गोळे आणा (हसू नका, मी बायकोची बोलणी खाऊन आणले होते), कोरडं पीठ लावून इंजिनवर ठेवा, बॉनेट बंद करून उघडा आणि चपट्या गोळ्याची जाडी मोजा. इंचभर तरी पाहिजे. कारण डिझेल इंजिन स्टार्टला आणि बंद करताना माउंटिंगवर असं काही हलतं की अर्धा इंच गॅप खाऊन टाकतं, मग रोज सकाळी ठाण्ण करून आवाज.

एवढं करूनही नाही जमलं तर कापा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कंपन्यांनीही हेच केलंय. विलीजने 1953 मध्ये सीजे-3बी जीप काढली तेव्हा नवीन हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावेना म्हणून बॉनेट आणि पुढची जाळीच उंच केली, आणि तोच उंच चेहरा महिंद्राने इथे वर्षानुवर्षं बनवला. तुमच्या गाडीचं खानदानच बॉनेट उचलणाऱ्यांचं आहे.

आता कोणाकडून. माझी चूक इथेच झाली. वागळे इस्टेटमध्ये एक फॅब्रिकेशनवाला ओळखीचा होता, खिडक्यांच्या ग्रिल, गेट वगैरे मस्त करायचा, त्याला म्हटलं कर, आणि त्याने साध्या रॉडच्या वेल्डिंगने एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग लाइन मारली. बॉनेटचा पापड झाला. मध्ये दाबलं की डबडब वाजायचं, कडेला लाटा. त्यात त्या माणसाचा दोष मी देत नाही, गेटच्या अँगलला असंच वेल्डिंग करतात, पण बॉनेटचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, उष्णतेने फुगतो आणि थंड होताना जोडाच्या रेषेवर आकसतो, ते आकसणं आजूबाजूचा सगळा पत्रा खेचून घेतं. म्हणून तुम्हाला फॅब्रिकेटर नकोय, जुना डेंटर हवाय, ज्याच्याकडे हातोड्यासोबत डॉली (पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) आहे आणि जो पुट्टीचा डबा शेवटी उघडतो. तुर्भे, रबाळेकडे असे म्हातारे कारागीर अजून सापडतात. त्याला एकच विचारा, जोड टोकाला टोक लावून करणार की एकावर एक पत्रा चढवून. चढवून म्हणाला तर चहा पिऊन निघा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात अडीचेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दोन वर्षांत तिथून गंज फुगून वर येतो.

फायबरचा स्कूप माझ्या मते नको. रिव्हेट मारून बसवतात, पत्रा आणि फायबर उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात, जोडाशी रंगाला केसासारखी चीर पडते आणि मग तीच पाण्याची वाट.

दुसऱ्या वेळी आमच्या डेंटरने असं केलं. गणपतीच्या मखरातला उरलेला पुठ्ठा होता, त्याचा आधी साचा करून बॉनेटवर चिकटवला, मी ड्रायव्हर सीटवर बसून समोरचं किती दिसतं ते पाहिलं आणि एक इंच उंची तिथेच कमी केली, हे नक्की करा, नाहीतर समोरून येणारं पोर दिसणार नाही. मग सीआरसीए (साधा, जस्त न चढवलेला स्टीलचा) पत्रा, 20 गेज, म्हणजे साधारण 0.9 मिमी, जीआयचा (जस्त चढवलेला) घेऊ नका, जस्त जळून विषारी धूर होतो. बॉनेट गाडीवर बंद करून, चारी बाजूच्या फटी जुळवून, बॅटरीचे टर्मिनल काढून, इंजिनवर ओलं गोणपाट टाकून नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारले, मग उतरवून सीओटू वेल्डिंगने एक टाका इथे, पुढचा पार दुसऱ्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला सोसेल एवढा गार होईपर्यंत थांबायचं. वेल्डिंगपेक्षा थांबण्यातच वेळ गेला, अख्खे दोन दिवस. नंतर जोडाच्या खाली डॉली धरून वरून हलक्या हाताने ठोकलं, त्याने आकसलेला धातू परत ताणला जातो. बॉनेटच्या आतली मजबुतीची पट्टी कापावी लागली होती तिथे यू आकाराची पट्टी वाकवून घातली. ही विसरलात तर बॉनेट लवतं, लॉकवर ताण येतो आणि हायवेला उघडून काचेवर आलं तर विचार करा.

स्कूपचं तोंड कुठे ठेवायचं यावर मित्रांचे खूप वाद होतात. स्कॉर्पिओ, जुनी फॉर्च्युनर यांचं पुढे उघडं असतं कारण बरोबर खाली इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा) बसलेला आहे, त्याला वारा हवा. तुमचा तिथे नसेल तर पुढे भोक ठेवून फक्त पाऊस आत घ्याल. अमेरिकेत शेव्हरोलेच्या जुन्या पिकअपवाले काचेकडे तोंड असलेला फुगवटा करतात, काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि तिथून इंजिनला थंड हवा मिळते. याचाच उलटा अर्थ असा की वेगात असताना तिथून गरम हवा बाहेर जात नाही, गरम हवा काढायच्या जाळ्या पुढे, रेडिएटरच्या जरा मागे लागतात. पण घोडबंदर रोडला संध्याकाळी सातला कसला वेग आणि कसला दाब, गाडी उभीच असते, गरम हवा कुठूनही वर जाते, आणि मागचं तोंड उघडं असलं की तीच डिझेलच्या वासासकट केबिनच्या व्हेंटमध्ये शिरते. मी सगळीकडून बंदच ठेवलाय, नुसता फुगवटा. बघणारे विचारतात स्कूप खोटा आहे का, मी हो म्हणतो.

आरटीओचं मात्र हलक्यात घेऊ नका. इंजिन बदललंय ते आरसीवर चढलंय का ते आधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. गाडी मालवाहू म्हणून पास असेल तर एवढ्या जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे इन्स्पेक्टर बॉनेट बघणारच, म्हणून एमएच 04 असो की 43, कापायच्या आधी विचारून या आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.

खर्च म्हणाल तर माझे दुसऱ्या वेळी रंगासकट अकरा हजार गेले, पहिल्या वेळचे चार मी हिशोबात धरत नाही. आणि जोडाच्या आतल्या बाजूला एपॉक्सी प्रायमर स्वतः उभं राहून मारून घ्या, वरून सगळे चकाचक करतात, आतून कोणी बघत नाही. माझ्याकडे ड्रायव्हर साइडला वीतभर राहून गेलंय, या जूनमध्ये तिथे तपकिरी रेघ आलीच.