सोसत बसाल तर मुदत निघून जाईल

मूळच्या अंबाजोगाईच्या एका भगिनीने न्यू जर्सीहून लिहिले आहे. त्यांच्या कंपनीतला एक वरिष्ठ सहकारी, तोही मराठीच, बैठकीत त्यांच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करतो आणि बायकांना जबाबदारीची कामे झेपत नाहीत असे सर्वांदेखत म्हणतो. आता त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहलीतला त्यांचा फोटो घाणेरड्या मजकुरासह टाकला, आणि तो फिरत फिरत गावाकडच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर गेला. आईवडील म्हणतात, "दुर्लक्ष कर बाई, नोकरी सांभाळ." पतीचा व्हिसा त्यांच्याच नोकरीवर अवलंबून असल्याने त्या गप्प आहेत.

ताई, तुमची भीती अनाठायी नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी साधारणपणे जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. मुले शाळेत असताना हा आकडा झोप उडवणाराच आहे. मात्र दुसरीही एक मुदत सरत असते. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, घटनेपासून 180 दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. न्यू जर्सीसारख्या, भेदभावाच्या तक्रारींसाठी स्वतःची यंत्रणा असलेल्या राज्यांत ही मुदत 300 दिवसांची आहे, तरी तुम्ही 180च धरून चाला. एचआरकडे केलेल्या तक्रारीमुळे ही मुदत थांबत नाही, आणि "चौकशी चालू आहे" या उत्तरावर विसंबून अनेक जण ती गमावतात.

अमेरिकेत केवळ उद्धट वागणे सहसा बेकायदेशीर ठरत नाही. वंश, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व अशा कारणांवरून, आणि गंभीर स्वरूपाचा किंवा वारंवार, छळ झाला असेल तरच तो 1964च्या नागरी हक्क कायद्याच्या किंवा तत्सम कायद्यांच्या कक्षेत येतो. म्हणून "तो मला त्रास देतो" एवढे लिहून भागणार नाही. तुमच्या प्रकरणात उच्चारांची टिंगल मूळ देशाशी आणि बायकांविषयीचे वाक्य लिंगाशी जोडलेले आहे, हे तक्रारीत स्पष्ट शब्दांत यायला हवे. हे संरक्षण व्हिसाधारकांनाही आहे, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवणे हेही बेकायदेशीर आहे.

आज रात्रीच एक साधी वही घ्या. वार, तारीख, वेळ, कोणती बैठक, कोण कोण हजर होते आणि तो काय बोलला, हे त्याच्याच शब्दांत लिहा, मराठीत बोलला असेल तर मराठीतच. ही नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, कारण नोकरी गेली त्या दिवशी तो लॅपटॉपही जातो. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवण्याचा मोह टाळा. तेच निमित्त करून तुम्हाला काढता येते. गुपचूप आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते आधी वकिलाला विचारा. इमिग्रेशनचा वकील आणि कामगार कायद्याचा वकील सहसा वेगवेगळे असतात. तुम्हाला दोघांशी बोलावे लागेल.

ग्रुपवरच्या फोटोबाबत पहिले काम म्हणजे तो काढायला लावण्याआधी स्क्रीनशॉट घेणे, ज्यात पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि खालच्या प्रतिक्रिया दिसतील. मग मंडळाच्या अध्यक्षांना लेखी कळवा. "आपसातले आहे, मिटवून घ्या" असे उत्तर आले तर तेही जपून ठेवा. मंडळाची अब्रू एका बाईच्या गप्प बसण्यावर उभी राहत असेल, तर ती राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फोटोत फेरफार करून तो अश्लील केला गेला, तर असे फोटो पसरणे रोखणाऱ्या स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेची मदत घ्या. तिथे फोटो तुमच्या फोनबाहेर न जाता त्याची फक्त सांकेतिक ओळख सहभागी कंपन्यांना दिली जाते.

ऑस्ट्रेलियातील वाचकांसाठी एवढेच, की तिथल्या फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीविषयक तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, छळ थांबवण्याचा आदेश मागायचा तर तो नोकरीत असतानाच मागावा लागतो.

आता अंबाजोगाईच्या आईवडिलांसाठी. लेकराचा संसार मोडू नये म्हणूनच तुम्ही दुर्लक्ष कर म्हणता, हे मी जाणतो. तरी भाऊबंदांच्या ग्रुपवर वडिलांनी स्वतःच्या नावाने एक संदेश टाकावा, की हा फोटो छळाचा भाग आहे, कोणीही तो पुढे पाठवू नये. मुलीने दहा खुलासे केले तरी जे साधणार नाही, ते या एका संदेशाने साधेल. नंतरही कोणी पाठवत राहिला, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. आणि ताईंना फोन कराल, तेव्हा वही लिहायला घेतली का, हे आधी विचारा.