१०८ची बोली, २३चा खिसा

पत्र थोडक्यात असं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. घर मनात भरलंय. आणखी तीन गिऱ्हाइकं रांगेत आहेत, असं दलाल सांगतो. शनिवारपर्यंत प्रत्येकाने आपली शेवटची बोली बंद पाकिटात द्यायची. दलालाचा सल्ला असा की मागणीच्या ८ टक्के वर जा, 'कर्ज मिळालं तरच' ही अट काढून टाका, आणि १० टक्के इसार परत मागणार नाही असं लिहून द्या. प्रश्न एवढाच: "१०८ लावू की १०५ मध्ये काम होईल?"

(मालकाची मागणी १०० धरून पत्रातल्या सगळ्या रकमा मी त्या मापात आणल्या आहेत. ओळख झाकली जाते आणि हिशेब तोंडी करता येतो.)

या प्रश्नाला दोन ओळी पुरल्या असत्या. पण तुम्ही सोबत पॉलिसीचा कागद जोडलात. त्यावर १६ या आकड्याला पिवळ्या पेनाने गोल केलाय आणि समासात लिहिलंय, "हे घरासाठी". त्याच ओळीत, दोन रकाने पलीकडे, बारीक अक्षरात ३ छापलंय. त्या रकान्याचं नाव आहे 'आज पॉलिसी बंद केल्यास मिळणारी रक्कम'.

घरासाठी आहेत ते हे ३. सोळा नव्हेत.

सोळा म्हणजे विम्याची रक्कम १५ आणि आजवर जमा झालेला बोनस १. हे पैसे मुदत संपल्यावर मिळतील, म्हणजे अजून सोळा वर्षांनी, किंवा मधल्या काळात विमेदार गेला तर. चार वर्षांत दरवर्षी दीड याप्रमाणे तुम्ही ६ भरलेत. मोडली तर त्यातले निम्मे हातात येतील. एजंटाने "पैसा कधीही काढता येतो" असं सांगितलं होतं म्हणता. काढता येतो हे खरंच आहे. किती निघतो, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि तो कशाला सांगेल! ओळखीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून घेतलेल्या अशा पॉलिस्या माझ्याकडे दर आठवड्याला येतात आणि दर वेळी मला तेवढाच राग येतो.

आता तुमचा हिशेब बघू. मुदतठेव २० आणि पॉलिसी १६, एकूण ३६. बँक ८० टक्के देणार, म्हणजे १०८ पैकी साधारण २२ आपले. नोंदणी, कर, वकील आणि सामान हलवणं मिळून साडेसहा. झाले साडेअठ्ठावीस. उरलेल्या सात-साडेसातात फर्निचर. कागदावर छान दिसतं.

पण बँक तुमच्या बोलीवर कर्ज देत नाही. तिचा माणूस घर बघून जी किंमत ठरवेल ती आणि व्यवहाराची किंमत, यांतली जी कमी असेल तिच्यावर देते. त्याने १०० ठरवली तर कर्ज ८०, आणि वरचे ८ पूर्णपणे तुमच्या खिशातून. म्हणजे २८ अधिक साडेसहा, साडेचौतीस. हातात आहेत २० आणि ३, म्हणजे २३. साडेअकरा कमी पडतात, आणि यात फर्निचरची खुर्चीसुद्धा धरलेली नाही.

"वेळ पडली तर पर्सनल लोन काढू," असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. काढून बघू. घरकर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं: हप्ता महिन्याला ०.७२. साडेअकराचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी: हप्ता ०.२७. दोन्ही मिळून जवळजवळ १. दोघांचा पगार मिळून दीड, घरखर्च तुमच्याच आकड्याने ०.६. पहिल्याच महिन्यात पगार कमी पडतो. पुढच्या वर्षी पगारवाढ होईल म्हणता; होवो. हप्ता मात्र याच वर्षी सुरू होतो.

आणि दलालाची ती अट. पाकीट उघडलं, घर तुम्हाला मिळालं, १० इसार दिला, आणि बँकेचं मूल्यांकन कमी आलं. उरलेले पैसे उभे राहत नाहीत, कर्जाची अट तुम्हीच काढून टाकलेली, इसार गेला. २० च्या ठेवीतले १० एका सहीने. दलालाला यात काहीच गमवायचं नाही. व्यवहार झाला तर त्याची दलाली ठरलेली.

मग तुमची ऐपत किती? २३ मधून सहा महिन्यांच्या खर्चाचे ४ बाजूला काढा, त्यांना घरासाठी हात लावायचा नाही. राहिले १९. किमतीच्या २० टक्के आपले आणि ६ टक्के वरखर्च, म्हणजे २६ टक्के. १९ मध्ये बसतं ते ७३ चं घर. हप्ता ०.५३, पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त. निभेल. हे वाचून वाईट वाटेल, पण १०८ की १०५ हा वाद तुमच्यासाठी नाहीच. १०० लाही हे घर तुमचं नाही.

पॉलिसीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. एजंटाच्या कागदाप्रमाणे हप्ते पहिली दहाच वर्षं भरायचे आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २८ मिळणार आहेत, तेही सगळे बोनस त्याच्या अंदाजाने आले तर. पहिल्या हप्त्यापासून धरलं तर वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपास पडतं. गेलेलं गेलं, आजपासून मोजायचं म्हटलं, तर ६ च्या जवळ जातं. म्हणजे आता चालू ठेवणं वाटतं तितकं वाईट नाही. सगळ्यात मोठं नुकसान होऊन गेलेलं आहे. पण ९ टक्क्यांनी कर्ज काढणाऱ्याने ६ टक्क्यांसाठी वर्षाला दीड कशाला भरायचं? मी बंद करेन. त्याआधी मात्र दोघांच्या नावे साधा मुदत विमा घ्या, निदान कर्जाएवढा. ८० च्या कर्जाला १५ चा विमा कसा पुरेल? नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी मोडायची. हा क्रम उलटा करू नका.

आता मूळ प्रश्न, कारण पुढे कधीतरी परवडणाऱ्या घरासाठीही पाकीट द्यावं लागेल. १९७१ साली एका तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल लिहिलं होतं: बंद पाकिटात ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला, त्यालाच क्षेत्र मिळतं, आणि म्हणून जिंकणाऱ्यांची कमाई बेताचीच राहते. घराचंही तसंच आहे. म्हणून बोलीचा आकडा पाकीट मिळण्याआधी, घरी बसून ठरवा आणि दलालाचा फोन आला म्हणून बदलू नका. तीन गिऱ्हाइकं खरी आहेत का, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. तुमची ऐपत मात्र कळते. कर्जाची पूर्वमंजुरी पाकिटाला जोडा. मालकाला ताबा कधी द्यायचाय ते विचारा. घाई असलेल्याला तारीख पैशापेक्षा प्यारी असते. एखादा टक्का तिथेच वाचतो. कर्जाची अट काढायची नाही, कितीही आग्रह झाला तरी.

शनिवारी पाकीट देऊ नका. सोमवारी विमा कंपनीकडून त्या ३ चा आकडा लेखी घ्या. दोन-चार दशांश इकडेतिकडे झाले तर ७३ चा आकडाही थोडा हलेल.