काचेवरचं धुकं

प्रश्न : पावसाळ्यात कुंभार्ली घाटात गाडीची समोरची काच धुरकट होते. कधी एसी लावला की साफ होते, कधी एसीमुळेच धुकं वाढतं. दीर म्हणतात, हीटर लावा. खरं काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, शेजारी बसलेल्याला काचेवर आतून बोट फिरवायला सांगा. रेघ उमटली तर बाष्प आतलंच : सगळ्यांचे श्वास, भिजलेल्या छत्र्या. मग एसी लावा, झोत काचेवर वळवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण आठवणीनं बंद करा. हे बटण बहुतेक जण विसरतात. एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडीही करतो. गाडीखाली ठिबकतं ते हवेतूनच काढलेलं पाणी. दिरांचंही बरोबर आहे. सोबत हीटर चालवला तर काच लवकर निवळते, कारण गरम काचेवर दव धरत नाही.

रेघ उमटली नाही तर दव बाहेरून आहे. गार झोतानं काच थंड पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर दव धरते. तेव्हा वायपर फिरवा, झोत काचेवरून हटवा, तापमान वाढवा.

एका हातानं काच पुसत घाटात गाडी मात्र चालवू नका. सुरक्षित जागी थांबा.